कार्डिनल मागाल, तर कोणता मिळेल?

डोंबिवली-कल्याणच्या एखाद्या ॲक्वेरियमच्या दुकानात 'कार्डिनल द्या' म्हटलेत, तर बहुधा निळ्या-लाल पट्ट्यांचा इवलासा कार्डिनल टेट्रा पिशवीत पडेल. तो दक्षिण अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला. ठाण्यातला खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारा शौकीन कार्डिनल म्हणतो तो वेगळा. तो बांगाई कार्डिनल, रुपेरी अंगावर काळे पट्टे आणि पांढरे ठिपके असलेला. दोघांच्या नावात साम्य, नाते मात्र फार लांबचे.

बांगाई हा अपोगोनिडी कुळातला. या कुळात साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि बहुतेक प्रवाळांच्या आसऱ्याने राहतात. पूर्वी हे कुळ पर्सिफॉर्मिस गणात होते. त्याच गणात सुरमई, पापलेट, जिताडा आणि तिलापियाही! गण कसला, अडगळीची खोलीच ती. जनुकीय अभ्यास सुरू झाला तशी ही खोली रिकामी होऊ लागली. कार्डिनलांचे जवळचे नातलग निघाले कर्टस मासे. ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडच्या कर्टसचा नर कपाळावरच्या आकड्याला अंडी लटकवून फिरतो, तर कार्डिनलचा नर ती तोंडात सांभाळतो. 2014 मध्ये कुळाच्या आतलीही फेरमांडणी झाली. त्यामुळे जुन्या पुस्तकांतले अनेक 'अपोगॉन' आता 'ऑस्टोरिंकस' या नावाने शोधावे लागतात.

बांगाईचा नर सुमारे तीन आठवडे अंडी आणि नंतर आठवडाभराहून अधिक काळ पिल्लेही तोंडात ठेवतो. तोवर त्याचा उपासच. इतर बहुतेक कार्डिनलांची पिल्ले प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. बांगाईची मात्र बापाच्या तोंडातून उतरून तिथेच, सागरी अर्चिनच्या काट्यांत लपतात. म्हणून मूळचा हा मासा इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांभोवतीच राहिला. एका खडकावरचे मासे उपसले, तर शेजारून नवे येत नाहीत.

1933 मध्ये नाव मिळालेल्या या माशाचा व्यापार 1990 च्या दशकात फोफावला आणि 2007 मध्ये आययूसीएनने त्याला संकटग्रस्त ठरवले. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रणाचे 2007 आणि 2016 मधले प्रस्ताव मागे घेतले गेले.

सुदैवाने बांगाई टाकीत वाढवता येतो. घ्यायचाच असेल, तर 'टँक-ब्रेड आहे का?' हे आधी विचारा आणि तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. समुद्रातून पकडलेला मासा कोरड्या खाद्याकडे अनेकदा ढुंकूनही पाहत नाही.