दहा पाहुणे, एक दुपार: जुन्नरची मासवडी घरखर्च कशी सांभाळते?

फोन साधारण असा येतो: "आम्ही ओतूर सोडलं, पोचतोच आता. तुम्ही फार काही करू नका." नगर-कल्याण महामार्गावर ओतूर आणि आळेफाटा यांच्या मध्ये पिंपरी पेंढार आहे. तिथल्या कुठल्याही घरात या शेवटच्या वाक्याचा खरा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. फार काही करावं लागणार आहे.

चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा, लग्नं आणि सप्ते एकामागोमाग येतात. शाळांना सुट्ट्या लागतात आणि मुंबईला असलेली भावकी गावाकडे येते. हाच काळ उन्हाळी कांदा चाळीत भरण्याचाही असतो. म्हणजे माल घरात, पैसा अजून बाजारात, आणि पाहुणे मात्र दारात. अशा वेळी ताट साधं वाढलं तर 'घरचं बरं चाललंय ना?' अशी कुजबुज होते. मटण करायचं तर महिन्याचा हिशेब बिघडतो.

जुन्नर आणि आंबेगावच्या घरांनी यावर काढलेलं जुनं उत्तर म्हणजे मासवडी.

मासा नाही, तरी मासवडी

नाव ऐकून बाहेरचा माणूस हमखास फसतो. यात मासा औषधालाही नसतो. बेसनाच्या घट्ट शिजवलेल्या पातळ थरात तीळ, सुकं खोबरं, कांदा आणि लसणाचं झणझणीत सारण भरतात, गुंडाळी दाबून तिला माशासारखा उंच कणा देतात आणि मग वड्या कापतात. सोबत तिखट रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा, लिंबू.

या पट्ट्यात हा पदार्थ इतका का रुजला, याचा एक अंदाज आजूबाजूला पाहिलं की बांधता येतो. ओतूरला संत तुकाराम महाराजांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी मानली जाते. दुसऱ्या बाजूच्या आळे गावात ज्ञानेश्वर माउलींनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी आहे. घरोघरी माळकरी. घरातल्या आजोबांच्या गळ्यात माळ असेल तर पाहुण्यांसाठी मटण शिजवायचं कुठे, हा प्रश्नच असतो. मासवडीत सणाचा थाट आहे, मटणाच्या रश्शासारखा ठसका आहे आणि माळकऱ्यालाही चालते. एकाच घरात दोन स्वयंपाक करावे लागत नाहीत, ही बचत कुठल्याच वहीत लिहिली जात नाही.

आता पैशांचं बोलू

दहा माणसं धरा. मटण माणशी २०० ग्रॅम म्हटलं तरी २ किलो लागतं. किलोला ७५० रुपये दर धरला तर १,५०० रुपये नुसत्या मटणाचे. तेल-मसाला वेगळा.

तेवढ्याच माणसांच्या मासवडीला पाऊण किलो बेसन, साधारण १५० ग्रॅम तीळ, तेवढंच सुकं खोबरं, अर्धा किलो कांदा, लसणाचे दोन-तीन गड्डे, कोथिंबीर, तेल आणि घरचा काळा मसाला पुरतो. बेसन ११० रुपये, तीळ २२० आणि खोबरं ३५० रुपये किलो धरलं, तरी रश्शाच्या वाटणासकट खर्च ३५० रुपयांच्या आसपास राहतो. भाकरी दोन्हीकडे सारखीच. तुमच्या दुकानातले भाव घालून बघा, आकडे हलतील, पण फरक हजाराच्या पुढेच राहील.

या यादीत जड जातं ते खोबरं. २०२५ मध्ये सुक्या खोबऱ्याचे भाव विक्रमी चढले. अशा वेळी खोबरं निम्मं करून बाकीची भर भाजलेल्या शेंगदाण्याच्या कुटाने करता येते. चव थोडी बदलते, बिघडत नाही. खसखस तर सरळ वगळावी. ती महाग आहे, आणि तिखट सारणात ती नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

अर्ध्या तासात जमतं का?

सगळं त्या वेळी करायला घेतलं तर नाही जमत. पण मासवडीचं अर्धं काम आधी उरकून ठेवता येतं, आणि खरी युक्ती तीच आहे. तीळ, खोबरं वेगवेगळं कोरडं भाजून, मसाला-मीठ घालून, जाडसर कुटून कोरड्या बरणीत भरलं की आठवडाभर आरामात टिकतं. कांदा आणि कोथिंबीर त्यात आधी घालायची नाही, कारण ओलावा शिरला की सारण लवकर खराब होतं. पाहुण्यांचा फोन आला की कांदा तेलात लालसर परतायचा आणि बरणीतल्या मिश्रणात मिसळायचा.

मग राहतं ते बेसन. कढईत तेलात ठेचलेला लसूण, जिरं, हळद, तिखट घालून पाणी उकळायचं. बेसनाच्या साधारण दुप्पट पाणी. बेसन एकदम ओतलं की गुठळ्या झाल्याच. म्हणून एका हाताने थोडं थोडं सोडायचं आणि दुसऱ्या हाताने घेरत राहायचं. ज्यांना भीती वाटते त्यांनी यातल्याच थोड्या गार पाण्यात बेसन आधी कालवून घ्यावं. झाकण ठेवून मंद आचेवर वाफ काढायची. ओलं बोट लावल्यावर पीठ चिकटलं नाही की झालं.

इथून पुढे घाई आहे, कारण बेसन गार झालं की थापता येत नाही आणि गुंडाळताना चिरतं. सुती कापड भिजवून, पिळून पसरायचं. त्यावर थोडे तीळ-कोथिंबीर भुरभुरायची, गरम पीठ पाण्याच्या हाताने पातळ थापायचं, वर सारण पसरायचं आणि कापडाच्याच आधाराने गुंडाळत न्यायचं. कापडावरूनच दाबून कणा काढायचा. दहा मिनिटं तशीच राहू द्यायची, मग कापायची.

नवख्यांची एक चूक ठरलेली असते: वड्या रश्शात टाकून उकळणं. त्या फुटतात आणि सगळ्याचं पिठलं होतं. वडी ताटात, रस्सा वाटीत, गाठ जेवणाऱ्याने घालायची.

वहीत न येणारा खर्च

'बजेटमधला पाहुणचार' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक सल्ल्यांत एक गोष्ट सोयीस्करपणे गळते. पैसे वाचतात ते बहुतेकदा घरातल्या बाईच्या कंबरेवर. मटणाला शिट्ट्या देऊन बाजूला होता येतं. मासवडीला शेवटपर्यंत उभं राहावं लागतं. वर मे महिन्यात दहा माणसांच्या वीस-पंचवीस भाकऱ्या चुलीपुढे बसून थापायच्या.

म्हणून हिशेब प्रामाणिकपणे करायचा तर वाचलेल्या हजारातले दोनेकशे रुपये भाकरीवर खर्च करावेत. गावागावांत मागणीप्रमाणे भाकऱ्या करून देणाऱ्या बाया आणि बचत गट आहेत. आदल्या दिवशी सांगून ठेवलं की काम होतं, आणि पैसा गावातल्याच दुसऱ्या घरात जातो. सारण कुटणं आणि कापड धरून गुंडाळायला मदत करणं, या दोन कामांना पुरुषांचे हातही चालतात. जावईबापूंचेसुद्धा. आळेफाटा, नारायणगावच्या हॉटेलांत मासवडीची थाळी तयार मिळते, अडल्यावेळी तोही रस्ता आहे. पण दहा थाळ्यांचं बिल पुन्हा मटणाच्या घरात जाऊन बसतं.

रात्रीचं नको, दुपारचंच

मोठं जेवण दुपारी ठेवण्याला या भागात खर्चापलीकडचं कारण आहे. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्यांनी घर केलं. जुन्नर वनविभागात माणसांवरचे हल्ले नवे नाहीत, पिंपरी पेंढारच्या शिवारानेही ते पाहिले आहेत. मळ्यातल्या वस्तीवर रात्री नऊला पंगत बसवायची आणि पाहुण्यांना उसाच्या कडेने अंधारात गाडीपर्यंत सोडायचं, हा धोका कशाला घ्यायचा? दुपारी बाराची वेळ दिली की लोक उजेडात परततात. शिवाय दिव्यांची माळ, जनरेटर, मांडव यांतलं बरंच काही लागत नाही, आंब्याखाली सतरंजी पुरते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर हे निमंत्रणातच स्पष्ट सांगावं. त्यात कुणाला राग येण्यासारखं काही नाही.

ताटांचंही तसंच. थर्माकोलच्या पत्रावळ्या स्वस्त वाटतात, पण राज्यात २३ जून २०१८ पासून त्यांच्यावरची बंदी प्रत्यक्ष लागू झाली आणि पहिल्याच वेळी पकडलं तर दंड ५,००० रुपये. दहा-पंधरा माणसांना शेजारच्या दोन घरांतली स्टीलची ताटं पुरतात. पंगत मोठी असेल तर पानांच्या पत्रावळी आहेत. अनेक गावांत देवस्थानाची किंवा मंडळाची मोठी भांडी नाममात्र भाड्याने मिळतात, तीही आधी विचारून ठेवावीत.

राहिला मानपान. टॉवेल-टोपी देण्याघेण्याची पद्धत खर्चिक आहे आणि गंमतीदारही, कारण तीच टोपी चार घरं फिरून पाचव्या यात्रेला मूळ मालकाकडे परत येऊ शकते. भावकीत एकदा बसून 'यंदापासून बंद' असं ठरवलं, तर सगळ्यांचेच पैसे वाचतात. एकट्याने बंद केलं तर मात्र तो कंजूष ठरतो. त्यामुळे हा विषय जेवण झाल्यावर, सगळे पोटभर सुस्तावलेले असताना काढलेला बरा.

उरलेल्या वड्या संध्याकाळी तव्यावर तेल सोडून खरपूस भाजल्या की वेगळाच पदार्थ होतो. सारणात कांदा असल्याने उन्हाळ्यात त्या रात्रीपर्यंत संपवाव्यात, किंवा सरळ फ्रीजमध्ये टाकाव्यात. मुंबईला निघालेल्यांना डबा द्यायचा असेल तर फक्त वड्या आणि भाकरी द्यावी. माळशेजच्या वळणांवर रस्सा डब्यात राहत नाही.