विषुववृत्तावरचं मुंडण

गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट. नारळी पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते. दुपारची जेवणं आटोपून मी ओटा पुसत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. लेकाचा फोटो. तो बोटीवर जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते, पहिलीच बोट, डेक कॅडेट म्हणून. मी ओले हात पदराला पुसून फोटो उघडला आणि पोटात धस्स झालं. डोकं पार तुळतुळीत. तोंडाला लाल, पिवळं, काळं काहीबाही फासलेलं. कपड्यांतून पाणी गळतंय आणि हा दात काढून हसतोय!

सासूबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि मटकन खाली बसल्या.

"अगो, बापूस हयात आहे ना त्याचा? मग डोकं कशाला भादरलान?"

आपल्याकडे धडधाकट आईबाप असताना मुलाच्या डोक्यावरचे केस जाणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. सासूबाईंनी लगेच देवापाशी दिवा लावला. माझ्या मनात मात्र दुसराच शब्द आला, रॅगिंग. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, पण समुद्राच्या मध्यावर कुठला कायदा आणि कुठलं पोलीस ठाणं? फोटोखाली एकच ओळ होती, "आई, आजपासून मी शेलबॅक!"

शेलबॅक म्हणजे काय, ते संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा कळलं. त्यांची बोट मुंद्र्याहून दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बे बंदरात कोळसा आणायला निघाली होती. वाटेत विषुववृत्त लागतं. आमच्या रत्नागिरीपासून सरळ दक्षिणेला साधारण एकोणीसशे किलोमीटर गेलं की येणारी ती रेघ. शाळेत भूगोलाच्या पेपरात नकाशावर काढायचो ना, तीच. समुद्रात ती दिसत नाही. यंत्राच्या पडद्यावर अक्षांशाचे आकडे शून्य होतात तेवढंच. पण जो खलाशी पहिल्यांदा ती ओलांडतो, त्याला समुद्राच्या राजापुढे, नेपच्यूनपुढे, हजर करायचं, अशी जुनी चाल आहे. नेपच्यून म्हणजे रोमन लोकांचा समुद्रदेव, आपला वरुणच म्हणा. ज्यानं रेघ ओलांडलेली नाही तो पॉलीवॉग, म्हणजे बेडकाचं शेपटीवालं पिल्लू. विधी झाला की तो शेलबॅक, पाठीवर कवच आलेला, पक्का दर्यावर्दी.

लेकाच्या बोटीवर चीफ कुक नेपच्यून झाला होता. फरशी पुसायच्या मॉपच्या दोऱ्यांची दाढी, जेवण बांधतात त्या चंदेरी कागदाचा मुकुट आणि झाडूच्या दांड्याचा त्रिशूळ. सेकंड इंजिनिअर चादर नेसून राणी झालेला. (बायकांना बोटीवर पाय ठेवू देत नव्हते, तेव्हासुद्धा या दरबाराचं राणीवाचून अडायचं. मग एखादा दाढीमिशीवाला उभा राहायचा.) दरबारात माझ्या लेकावर आरोप वाचले गेले. सकाळी ड्यूटीवर डुलक्या काढतो, भाजीत मीठ कमी म्हणतो, रोज आईला मेसेज करतो. शिक्षा म्हणून व्हिनेगर, मीठ आणि मिरची घातलेलं सरबत, तोंडाला केचप आणि मोहरीची चटणी, मग न्हावी, शेवटी होजपाइपनं आंघोळ. आणि सगळं झाल्यावर कप्तानाच्या सहीचं प्रमाणपत्र!

"ते जपून ठेवायचं, आई. नाहीतर पुढच्या बोटीवर पुन्हा सगळं करतात."

मी हसले. हे पण हसले. सासूबाई हसल्या नाहीत. फोन झाल्यावर त्या उठून माळ्याखालच्या खोलीत गेल्या आणि सासऱ्यांची लोखंडी ट्रंक उघडायला लावली.

आमचे सासरे बोटीवर तेलवाले होते, इंजिनरूममध्ये. आमच्या पट्ट्यात घरटी एक माणूस बोटीवर, असं म्हणण्याजोगी वाडी एखादी तरी असतेच. पत्राची वाट पाहणं, दोन वर्षांनी येणारी ट्रंक, तिच्यातला साबणाचा वास, हे सगळं आमच्या लहानपणीचं. ट्रंकेत तळाशी पत्र्याची एक नळी होती. तिच्यात गुंडाळलेला जाड, पिवळा पडलेला कागद. वर त्रिशूळ घेतलेला राजा, कडेनं जलपऱ्या, खाली कुणा साहेबाची सही आणि साल १९६४. सासरे तेव्हा वीस वर्षांचे होते.

"ह्यांचा डावा कान असा गेला," सासूबाई म्हणाल्या.

खोलीत आम्ही तिघं. कुणी काही बोललं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ऐकत होते, बाबांना इंजिनच्या आवाजानं कमी ऐकू येतं. त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूनं. माझ्या नवऱ्यानं तर जन्मभर बापाच्या उजव्या हाताला बसून गप्पा मारल्या. खरं काय झालं होतं ते सासूबाईंनी त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. नव्या पोरांना डेकवर रांगत नेलं, तोंडाला ग्रीस फासलं. सासऱ्यांना पोहता येत नव्हतं. पाण्याच्या टाकीजवळ नेलं तसे ते घाबरून कठड्याला धरून बसले, सोडेनात. मग त्यांना सोडवायला आग विझवायच्या होजचा फवारा मारला, अगदी जवळून. डाव्या कानाचा पडदा फाटला. महिनाभर कान वाहत होता. सांगायचं कुणाला? पहिलीच नोकरी, घरी पाच भावंडं. आणि बाकी सगळे हसत होते, मग हेही हसले. पुढं गावात येऊन हीच गोष्ट त्यांनी गंमत म्हणून रंगवून सांगितली, कान वगळून. बायकोला एकदाच खरं सांगितलं आणि मुलांना सांगू नको म्हणून शपथ घातली. २०११ साली ते गेले, तरी सासूबाईंनी ती पाळली होती.

माझे मिस्टर उठून अंगणात गेले. पंप बंद करायचा राहिलाय म्हणाले. पंप मघाशीच बंद केला होता.

त्यानंतर मला या विषयानं जे पछाडलं ते पछाडलंच. लेकाकडून, इंटरनेटवरून, मिळेल तिथून वाचत गेले. चाल खूप जुनी आहे. १५२९ साली फ्रान्समधल्या दिएप बंदरातून पार्मेंतिए बंधूंची जहाजं सुमात्र्याला निघाली, तेव्हा रेघेवर पन्नासेक जणांना 'सरदार' केल्याची आणि प्रार्थना गायल्याची नोंद आहे. शिडाच्या काळात तो भाग होताही भीतीचाच. उत्तरेचे आणि दक्षिणेचे वारे तिथं एकमेकांना भेटतात आणि पडतात. जहाज दिवस दिवस जागच्या जागी, वर ऊन, खाली संपत आलेलं पाणी. (हाच पट्टा उन्हाळ्यात उत्तरेला सरकतो तेव्हा आपल्याकडे पाऊस येतो, हे वाचून मला नवल वाटलं.) अशा ठिकाणी माणसं देवाला काहीतरी देणारच. आम्ही नारळ देतो.

पण मला खरी गोष्ट सापडली ती कॅप्टन कुकच्या जहाजावर. ऑक्टोबर १७६८. 'एन्डेव्हर' जहाजावर जोसेफ बँक्स नावाचा पंचवीस वर्षांचा श्रीमंत तरुण होता, वनस्पतींचा अभ्यास करायला निघालेला. रेघ आली तेव्हा बुडव्या मारायच्या लोकांची यादी झाली, तिच्यात कुत्र्यामांजरांचीही नावं! बँक्सनं ब्रँडी देऊन स्वतःची, आपल्या नोकरांची आणि आपल्या कुत्र्यांचीही सुटका करून घेतली. खलाशांना सुटायचं तर चार दिवसांची दारू सोडायची, असा दर होता. कित्येकांनी दारू सोडण्यापेक्षा बुडी पत्करली. ती बुडी म्हणजे दोरानं बांधून उंच डोलकाठीच्या आडव्या दांड्याशी खेचायचं आणि तिथून समुद्रात सोडायचं, एकदा नव्हे, तीनदा. आणि लहान पोरं? बँक्सनं आपल्या रोजनिशीत सहज लिहून टाकलंय, की पोरांना तर बुडवतातच. त्यांना दर नव्हता.

ते वाचून मी वही मिटली. पाच भावंडांच्या घरातला वीस वर्षांचा तेलवाला ब्रँडी कुठून आणणार होता?

चार्ल्स डार्विनलाही हे चुकलं नाही. 'बीगल' जहाजावर १७ फेब्रुवारी १८३२ ला त्याचे डोळे बांधून त्याला डेकवर आणलं, तोंडाला डांबर आणि रंग फासला, लोखंडी पट्टीच्या तुकड्यानं तो खरवडला आणि फळीवरून उलटा करून पाण्यात टाकला. तेविसावं नुकतंच पूर्ण झालेलं. मात्र त्यानंच लिहिलंय, की बाकीच्यांचे हाल माझ्यापेक्षा खूप जास्त झाले, त्यांच्या तर तोंडातही घाण कोंबली. म्हणजे कप्तानाच्या पंगतीला जेवणाऱ्याला नेपच्यूनही ओळखून होता! कप्तान फिट्झरॉयनं पुढं या चालीची बाजू घेतली. लोक मूर्खपणा म्हणतात, धोक्याचं म्हणतात, पण बंद केलं तर चुकल्याचुकल्यासारखं होईल, असं त्याचं म्हणणं. हे वाक्य मी दुसरीकडेही ऐकलंय. नव्या सुनेच्या पहिल्या सणाला तिच्या एकटीवर पन्नास पुरणपोळ्या टाकायच्या आणि बाकीच्यांनी माजघरात बसून हसायचं, याबद्दल आमच्या एक चुलत सासूबाई अगदी हेच म्हणायच्या.

एका बाईचा विचार मात्र माझ्या मनातून जात नाही. झान बारे. फ्रान्समधली साध्या घरची बाई, वनस्पतींची जाणकार. १७६७ साली बूगनविलच्या मोहिमेतल्या 'एत्वाल' जहाजावर ती पुरुषाच्या वेशात चढली, कोमेरसाँ या शास्त्रज्ञाचा मदतनीस म्हणून. पुढं ती पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली ज्ञात स्त्री ठरली. त्या जहाजानंही रेघ ओलांडली. नव्या माणसाचे कपडे ओले करणं, ओढणं, बुडवणं, हा जिथं सर्वांचा हक्क, तिथं अंगावरचं कापड सावरून ती कशी उभी राहिली असेल? सगळ्या जहाजाची गंमत चालली असेल आणि हिचा जीव मुठीत.

आणि अडीचशे वर्षांनी, सप्टेंबर २०१७ मध्ये, आपल्या नौदलाच्या सहा अधिकारी बायका 'तारिणी' या सतरा मीटरच्या शिडाच्या बोटीतून ती रेघ ओलांडून गेल्या. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी त्यांच्या कप्तान. गोव्याहून निघालेल्या आणि २१ मे २०१८ ला गोव्यालाच परत आलेल्या. बोटीवर एकही पुरुष नाही, राणी व्हायलासुद्धा! बोटही गोव्यातच बांधलेली, दिवाडी बेटावर. पृथ्वीप्रदक्षिणा म्हणवायची तर विषुववृत्त दोनदा ओलांडावं लागतं, त्यांनी ते केलं. फोटोत त्यांचे केस वाऱ्यानं विस्कटलेले दिसतात.

दंगामस्तीच्या नावाखाली काय काय चालतं, ते हल्ली उघड होऊ लागलंय. १९९५ साली ऑस्ट्रेलियाच्या एका पाणबुडीवरच्या अशाच विधीचं चित्रण बाहेर आलं आणि तिकडे गदारोळ झाला. अमेरिकेच्या नौदलानं १९९७ मध्ये छळवणुकीविरुद्ध लेखी धोरण आणलं. विधी करा, पण कुणाला इजा नको, अपमान नको. मालवाहू बोटींवर तर आता वीस-बावीस माणसं, कामाची घाई, कित्येकदा केक कापून उरकतात.

लेकाला मी पुढच्या फोनवर सरळ विचारलं. "तुला नको म्हणता आलं असतं का रे?"

तो जरा थांबला. म्हणाला, "विचारलं होतं. एका मेसमननं नको सांगितलं, त्यानं फोटो काढले. केसांचं मला वेगळं विचारलं होतं." मग आणखी थांबून, "पण आई, मी नाही म्हणालो असतो का, ते माहीत नाही. नवीन होतो ना."

आजोबांच्या कानाचं मी सांगायचं की नाही, यावर घरात दोन दिवस खल झाला. शेवटी सासूबाईंनीच सांगितलं. त्या रात्री त्याचा रोजचा मेसेज आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, "नळी टाकू नका. मी येईपर्यंत ठेवा."

दिवाळीत त्याच्या बोटीवर नवीन कॅडेट आला, बिहारचा. नोकरीच्या आधी त्यानं समुद्र पाहिला नव्हता. डिसेंबरात बोट पुन्हा रेघेकडे निघाली आणि लेकाला दरबारात नेमणूक मिळाली. न्हावी! त्याचा फोन आला तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातातून मोबाइल ओढून घेतला.

"रे, त्या पोराला पोहायला येतं काय, विचारलंस?"

"विचारलं आजी. नाही येत."

"मग टाकीत नको टाकू. आणि पाणी मारायच्या आधी कानात कापूस घालायला सांग त्याला. दोन्ही कानांत."

तीन दिवसांनी फोटो आला. केचप, मोहरी, ओले कपडे, सगळं तसंच. त्या मुलाच्या डोक्यावरचे केस मात्र जागच्या जागी होते, आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे, सासूबाईंना चष्म्याशिवायही दिसले एवढे मोठे.