मधमाशीला ओव्याचे औषध : कुठे चालते, कुठे चालत नाही

स्वतःची शेती नसली तरी मधपेटी ठेवता येते. म्हणूनच भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांसाठी मधमाशीपालन हा मोलाचा जोडधंदा आहे. पण पेटीत कीड शिरली की अख्खा हंगाम हातचा जातो. रासायनिक औषधांचा अंश मधात आणि मेणात उतरू शकतो, म्हणून अनेकजण वनस्पतिजन्य उपायांकडे वळतात. ते योग्यच आहे. पण 'झाडपाल्याचे म्हणजे निर्धोक' हा समज माश्यांच्या जिवावर बेततो.

व्हरोआ कीड

टाचणीच्या डोक्याएवढी ही लालसर कीड माशीच्या अंगाला चिकटते आणि बंद घरातील पिल्लांवर वाढते. तिच्यामुळे पंख वाकडे करणारा विषाणूही पसरतो. आपल्या सातेरी माशीत ही कीड मुख्यतः नर पिल्लांवर वाढते, त्यामुळे सातेरी तग धरते. मेलिफेरा माशीत ती कामकरी पिल्लांवरही वाढते आणि वसाहत खचते.

ओव्याचे फूल

अमृतधारेत घालतात ते ओव्याचे फूल म्हणजेच थायमॉल. पेटीत ठेवल्यावर त्याची वाफ होते आणि त्या वाफेने व्हरोआ मरते. जगभर थायमॉलची तयार औषधे वापरली जातात. मात्र काही पथ्ये पाळावी लागतात :

- साधारण 15 ते 30 अंश तापमानातच वापरावे. त्याखाली वाफ पुरेशी होत नाही. कडक उन्हाळ्यात ती इतकी होते की माश्या पेटीबाहेर येतात आणि राणी अंडी घालणे थांबवते.
- मध काढून झाल्यावरच द्यावे, नाहीतर मधाला वास आणि चव लागते.
- बंद घरातील किडीपर्यंत वाफ पोचत नाही, म्हणून एकच मात्रा पुरत नाही.
- मात्रा अंदाजाने ठरवू नये. वेष्टनावरील सूचना पाळाव्यात. हातमोजे वापरावेत.

कडुनिंबाच्या तेलाबाबत तर जास्तच जपावे. ते किडीला मारक आहे, पण माशी हाही कीटकच आहे. फवाऱ्याने पिल्ले आणि राणी दगावू शकतात.

आधी मोजा

राणी नाही याची खात्री करून अर्धा कप, म्हणजे सुमारे 300 माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. दोन चमचे पिठीसाखर टाकून हलवा आणि साखर पांढऱ्या कागदावर चाळा. शंभर माश्यांमागे तीनहून जास्त किडी पडल्या तर उपाय करा. माश्या परत पेटीत सोडा.

जिथे वनस्पती हरते

थाई सॅकब्रूड या विषाणूने 1990 च्या दशकात दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या. यात पिल्लू पाण्याच्या पिशवीसारखे होऊन मरते. त्यावर खात्रीचे औषध नाही, ओव्याचे नाही की हळदीचेही नाही. रोगट पेटीतील फ्रेम दुसऱ्या पेटीत घालू नये, वसाहत सशक्त ठेवावी, हाच मार्ग. मेणकिड्यावरही पहिला उपाय म्हणजे तळफळीची सफाई आणि रिकामी पोळी काढून टाकणे.

शंका असल्यास पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचा सल्ला घ्यावा. ऐकीव नुस्खा सगळ्या पेट्यांवर एकदम करू नये; आधी एका पेटीवर पाहावा, मगच पुढे जावे.