स्थलांतरित चिनी चित्रकार झांग दाचियान आणि अजिंठा

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या परदेशी अभ्यासकांत मेजर रॉबर्ट गिल, जॉन ग्रिफिथ्स व लेडी हेरिंगहॅम यांचा उल्लेख नेहमी होतो. झांग दाचियान (१८९९-१९८३) या चिनी चित्रकाराचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनकार्याचा, विशेषतः त्यांना अजिंठ्यापर्यंत आणणाऱ्या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे.

सिचुआन प्रांतातील नेइजियांग येथे जन्मलेल्या झांग यांनी क्योटो येथे वस्त्ररंजनाचे व नंतर शांघाय येथे पारंपरिक चित्रकलेचे शिक्षण घेतले. प्राचीन चित्रकारांची हुबेहूब नक्कल करण्यात ते इतके निष्णात होते की, नामांकित संग्रहालयेही त्यांच्या बनावट चित्रांना फसली. १९४१ ते १९४३ या काळात वाळवंटाच्या कडेवरील तुनहुआंगच्या बौद्ध लेण्यांत राहून त्यांनी पावणेतीनशेच्या आसपास भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. जुनी चित्रे पाहण्यासाठी त्यांनी भिंतींवरील वरचे थर काढले, असा आरोप झाला. तो वाद पूर्णपणे मिटलेला नाही.

तुनहुआंगची कला ही भारतीय कलेची केवळ अनुकृती आहे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. १९४९ च्या अखेरीस चीन सोडल्यावर ते १९५० मध्ये भारतात आले आणि सुमारे तीन महिने त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा अभ्यास केला. अजिंठा त्या वेळी हैदराबाद राज्यात होते. तुनहुआंगची कला स्वतंत्र चिनी परंपरेतील आहे, असे त्यांचे मत येथे दृढ झाले.

हे मत आपल्याकडील अभ्यासकांना सहजी रुचणारे नाही. परंतु ते सर्वस्वी नाकारताही येत नाही. तुनहुआंगच्या खोदकामास इ. स. ३६६ मध्ये प्रारंभ झाल्याचे मानले जाते. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातील लेख वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. त्यामुळे अजिंठ्याची महायानकालीन चित्रे तुनहुआंगची सरळ जननी ठरत नाहीत. तंत्र पाहता दोन्हीकडे मातीच्या गिलाव्यावर, तो वाळल्यानंतर रंगकाम झाले आहे. अजिंठ्यात छायेच्या साह्याने देहाला गोलाई येते. थांगकालीन तुनहुआंगमध्ये तेच कार्य प्रवाही रेषा करते. तथापि तेथील आरंभीच्या लेण्यांत छायांकनाची भारतीय पद्धत मध्य आशियामार्गे पोहोचलेली स्पष्ट दिसते. झांग यांच्या निष्कर्षात हा भाग उणा राहिला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. स्वदेश नुकताच दुरावलेल्या कलावंताचा परंपराभिमानही त्यामागे असू शकेल.

पुढे काही काळ दार्जिलिंग येथे राहून ते १९५२ मध्ये अर्जेंटिनास व नंतर ब्राझीलला गेले. १९५७ मध्ये दृष्टी क्षीण झाल्यावर सूक्ष्म रेखांकन अवघड झाले आणि शाई व खनिज रंग कागदावर ओतून निसर्गचित्रे साकारण्याची त्यांची सुप्रसिद्ध शैली विकसित झाली. अखेरची वर्षे त्यांनी तैपेई येथे घालविली; चीनच्या मुख्य भूमीवर ते परतले नाहीत. त्यांच्या तुनहुआंग प्रतिकृती आज सिचुआन व तैपेई येथील संग्रहालयांत विभागलेल्या आहेत.