कारकुनाने लिहिलेले आजोबा

समजा, तुकाराम महाराजांच्या घराण्यातला कुणी आज संगणकापुढे बसून आपला मूळपुरुष शोधू लागला, तर शोधपेटीत तो काय लिहील? कूळ मोरे, आडनाव आंबिले, धंदा वाण्याचा आणि अभंगात स्वतःची ओळख करून दिलेली ती कुणबी म्हणून. एका माणसाला चार नावं, आणि यंत्राच्या लेखी ते चार निरनिराळे इसम. ज्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो त्यांची ही गत, तर देहूरोडच्या लष्करी डेपोत आयुष्य काढलेल्या कुणाच्या पणजोबांचा पत्ता कसा लागावा?

बहुतेकांना आधी जनगणना आठवते. परदेशातल्या भावंडांकडून ऐकलेलं असतं, की तिकडे घरबसल्या खापरपणजोबा सापडतात. ते खरंही आहे. ब्रिटनमध्ये 1921 च्या जनगणनेची पानं जानेवारी 2022 मध्ये, तर अमेरिकेत 1950 ची पानं एप्रिल 2022 मध्ये घराघरांतल्या नावांनिशी खुली झाली. तिथले मुरलेले शोधक नावातली शंकास्पद अक्षरं मोकळी सोडतात आणि वय दोन-चार वर्षं मागेपुढे धरतात. तेवढ्यानेही भागलं नाही तर आडनाव बाजूला ठेवून सरळ गल्लीच वाचून काढतात.

आपल्याकडे ती गल्लीच नाही. 1881 पासून 2011 पर्यंत दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली, पण छापून राहिले ते आकड्यांचे तक्ते. गणनेची पानं नातवाला पाहायला मिळत नाहीत. 1948 च्या जनगणना कायद्याचं 15 वं कलम ती तपासू देत नाही आणि पुरावा म्हणूनही चालू देत नाही. 1 मार्च 2027 हा संदर्भदिन धरून होणारी जनगणना मोबाइलवर होईल, जातही विचारेल, पण हे कुलूप कायम राहील. गॅझेटियरचंही तेच. 1885 साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या खंडात कुणबी आणि मराठे यांच्यात रेघ ओढणं अवघड असल्याचं सांगितलं आहे. त्यातून गावाचा अंदाज येतो, आजोबा सापडत नाहीत.

एक फट मात्र राहिली. फेब्रुवारी 1951 मध्ये जनगणना झाली, तेव्हाच तिच्या नोंदींवरून गावोगाव 'नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर' लिहिलं गेलं. त्यात घरवार माणसं नावानिशी आली. नावानिशी शिरगणतीच्या सगळ्यात जवळ जाणारा आपल्याकडचा कागद तो हाच.

रेकॉर्ड रूम उघडली तेव्हा

1951 चं हे रजिस्टर पुन्हा चर्चेत आलं 2023 मध्ये. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांनी अंतरवाली सराटीत केलेल्या उपोषणानंतर सरकारने सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठ्यांना कुणबी दाखले देता यावेत म्हणून पूर्वजांच्या कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली गेली. जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, 1951 चं रजिस्टर, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, खरेदीखतं, इतकंच काय, तुरुंगाची आणि ताडीची रजिस्टरंसुद्धा पुरावा म्हणून यादीत आली. 54 लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचं सरकारने सांगितलं. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर तालुका आणि गाव लावून पानांची छायाचित्रं चढली. महाराष्ट्रातली ही बहुधा सगळ्यात मोठी पूर्वज-शोधमोहीम. वंशावळीच्या हौसेपोटी नव्हे, दाखल्याच्या गरजेपोटी झालेली.

पण संकेतस्थळावर पान आहे म्हणजे नाव शोधता येतं असं नाही. पान म्हणजे चित्र, आणि यंत्राला त्यातलं अक्षर कळत नाही. त्यात लिपी मोडी. मोडीत आधी शिरोरेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लोंबवत जायचं. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वाचणाऱ्याने घाई केली की एका नावाचं दुसरं होतं. म्हणूनच त्या दिवसांत जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांची शोधाशोध सुरू झाली होती.

अक्षर लागलं तरी आडनाव मिळेलच असं नाही. कारकुनाला ते नेहमी लागत नसे. 'रामा बिन तुका' एवढं त्याला पुरे. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईची नोंद 'सखू कोम रामा' अशी, म्हणजे रामाची बायको. कुणाच्या नावापुढे हुद्दा चढतो आणि पुढच्या पिढीत 'पाटील' हेच आडनाव होऊन बसतं. तान्ह्या मुलाचं बारसं व्हायच्या आत नोंद झाली असेल, तर तिथे नुसतं 'मुलगा'. जातीच्या रकान्यात वरच्यासारखंच म्हणून नुसती खूण, की तिचा अर्थ लावायला मागची पानं उलटत जावं लागतं. जुन्या कागदावर शके असेल तर त्यात 78 मिळवायचे, शुहूर सन असेल तर साधारण 599.

म्हणून इथली रीत उलटी. माणूस नव्हे, आधी गाव धरायचं. गावाचा तेव्हाचा तालुका कोणता होता ते पाहायचं. मग भाऊबंद, शेजारचा गट, बांधाला बांध असलेला कुळवाडी. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर जुने फेरफार मिळतात. वारसाच्या एखाद्या फेरफारात बाप, त्याची चार मुलं आणि विधवा बायको एकाच दमात येतात. जिथे जमीन, तिथे कागद. भूमिहीनाच्या वाट्याला बहुधा दोनच ओळी: एक शाळेच्या रजिस्टरात, दुसरी मृत्यूच्या.

देहूरोडचं गणित

देहूरोडला हे सगळं आणखी गुंततं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्कराचा डेपो उभा राहिला, पुढे कॅन्टोन्मेंट बोर्ड आलं. लष्कराच्या ताब्यातल्या जमिनीचा माग सातबाऱ्याबरोबर जनरल लँड रजिस्टरातही काढावा लागतो. कॅन्टोन्मेंट हद्दीतले जन्म-मृत्यू बोर्डाच्या दप्तरात. डेपोच्या कामाला तमिळ आणि तेलुगू घरं आली. त्यांच्या नातवंडांना आजोबा 10 ऑगस्ट 1950 ला कोणत्या राज्यात राहत होते ते दाखवावं लागतं, कारण अनुसूचित जातीच्या दाखल्याला रहिवासाचा तोच दिवस लागू. इतर मागासवर्गात मोडणाऱ्या कुणब्यांसाठी तारीख 13 ऑक्टोबर 1967.

याच गावात 25 डिसेंबर 1954 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. दोन वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात धम्मदीक्षा झाली. इथल्या कित्येक घरांनी जातीचा शब्द उंबऱ्याबाहेर टाकला तो कायमचा. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, पण दाखल्यासाठी पुरावा लागतो तो पूर्वजाच्या जुन्या जातीचा. आजोबांनी अभिमानाने टाकलेला शब्द नातू शाळेच्या रजिस्टरात बोट ठेवून शोधतो. दोन गल्ल्या पलीकडचा मराठा मुलगाही तेच करतो. त्याच्या आजोबांनी 'कुणबी' सोडून 'मराठा' लावलं ते मोठेपणासाठी. दोन्ही त्यागांची जात वेगळी, त्यामागचं दुःखही वेगळं. सेतू केंद्राची रांग तेवढी एक.

त्या रांगेत हातात धरलेल्या झेरॉक्सवरचं नाव घरात कुणी कधी उच्चारलेलंच नसतं. आजोबांनी स्वतःला काय म्हणवून घेतलं, ते घरात आजी सांगायची. दप्तराने सांभाळलं ते मात्र कारकुनाने टाकाच्या एका फटक्यात ठरवलेलं नाव. पूर्वज शोधायला निघालेल्याने दोन्ही एका वहीत लिहून ठेवावीत: डाव्या रकान्यात कारकुनाचं, उजव्यात आजीचं. पुढच्या जनगणनेचं पान आपल्या पणतवंडांना उघडता येणार नाही. ही वही येईल.