राजौरीच्या वाटेवरील चार दिवस

युद्धाच्या बखरींत शिखरे जिंकणाऱ्यांची नावे ठळकपणे येतात आणि त्या शिखरांकडे जाणारी वाट ज्यांनी मोकळी केली, त्यांचा उल्लेख बहुधा एका ओळीत आटोपतो. म्हणूनच कारवारजवळच्या चेंडिये गावी १९१८ साली जन्मलेल्या सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांची हकिकत तपशिलाने सांगणे मला अगत्याचे वाटते. १९४० साली ते खडकीच्या सफरमैना पलटणीत जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशाच्या मोहिमेत त्यांनी भाग घेतला आणि डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना अधिकारपदाची सनद मिळाली. त्याच महिन्यात, भारत-पाकिस्तानच्या पहिल्या युद्धात, जम्मूच्या मुलखातील झांगड शत्रूच्या हाती गेले. ते १८ मार्च १९४८ रोजी परत घेतल्यावर नौशेऱ्याहून राजौरीकडे कूच करण्याचे ठरले. मात्र डोंगरांना वेढे घालीत जाणारा हा रस्ता शत्रूने सुरुंग पेरून, मोऱ्या उडवून आणि चिडाचे वृक्ष आडवे पाडून जागोजाग बंद केला होता, आणि रस्त्यावाचून रणगाडे तर काय, रसदेची एक गाडीही पुढे सरकणे शक्य नव्हते.

८ एप्रिलच्या सकाळी अकराच्या सुमारास, सव्विसाव्या मैलाजवळ, राण्यांची तुकडी रणगाड्यांपाशी कामाच्या तयारीत उभी असताना उखळी तोफांचा भडिमार सुरू झाला. दोन जवान जागीच कामी आले आणि राण्यांसह पाच जण जखमी झाले. (राण्यांना पुढे मिळालेल्या सन्मानपत्राच्या मजकुरात त्या दोघांची नावे नाहीत, याची चुटपुट लागून राहते.) राण्यांनी तुकडीची फेरजुळणी करून लगोलग काम आरंभिले. सुरुंग काढण्याची रीत अशी की, जमिनीवर पालथे पडून संगिनीचे टोक तिरपे, अगदी हलक्या हाताने मातीत सारावयाचे, टणक काही लागताच भोवतालची माती बोटांनी उकरावयाची आणि मग वस्तू निर्धोक करावयाची. हे काम घाईने होत नाही, आणि येथे तर ते मशीनगनच्या माऱ्याखाली करावयाचे होते. दुपारी साडेचारला बरवालीची धार डोग्रा पलटणीने जिंकली, तरी आसपास शत्रू होताच. तशातही रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढण्याचे काम रात्री दहापर्यंत चालले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहापासून दुपारी तीनपर्यंत खपून तो रस्ता पुरा झाल्यावर राणे सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत बसून निघाले. अर्ध्या मैलावर चिडाच्या झाडांचा अडथळा, तो सुरुंगाने उडविला. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पुढे उद्ध्वस्त मोरी. संध्याकाळी सव्वासहाला, उजेड मावळत असता, सुरुंगांनी वेढलेली पाच प्रचंड झाडे समोर आली, तेव्हा मात्र सेनानीने मुक्कामाचा हुकूम दिला. दहा तारखेला पहाटे पावणेपाचला राणे त्याच झाडांपाशी हजर होते, आणि साडेसहाला वाट मोकळी झाली. पुढील हजार यार्डांत अडथळ्यांची रांगच होती. तीही साडेदहापर्यंत दूर झाली.

रणगाडे तवी नदीच्या पात्रातून दुपारी दोनला चिंगसला, मोगल बादशहांच्या जुन्या सराईपाशी, पोहोचले. जखमी अधिकाऱ्याने येथे विसावा घेतला असता तर कोणी बोल लावला नसता. परंतु मागून येणाऱ्या रसदेला रस्ता हवा होता, आणि अन्न व विश्रांतीवाचून ते रात्री नऊपर्यंत राबले. माझ्या मते त्यांच्या शौर्याची खरी कसोटी या तासांत लागली, कारण पुढे धावणाऱ्या रणगाड्यांचा आवेश तेव्हा संगतीला नव्हता. अकरा तारखेला अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला, तरी पुढील सफाई रात्री दहापर्यंत चाललीच. बारा तारखेला फौज राजौरीत शिरली, आणि तेथील पीडित रहिवाशांची सुटका झाली.

या कामगिरीबद्दल राण्यांना परमवीरचक्र मिळाले. त्या युद्धातील पाच मानकऱ्यांपैकी ते आणि लान्स नायक करमसिंग हे दोघेच सन्मानाच्या वेळी हयात होते. राणे १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात निवर्तले.