पिसाचा गळ आणि ओढ्यातला दगड



मासा धरायचा म्हणजे गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावायची, हे नीरेकाठच्या पोरांना कोणी शिकवावे लागत नाही. पण नुसती पिसे बांधलेल्या गळाला मासा लागतो, हे तुम्हाला खरे वाटेल का? मलाही वाटले नव्हते.

गेल्या एप्रिलमध्ये फलटण तालुक्यातील काही बागायतदारांना घेऊन मी हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यात सफरचंदाच्या बागा पाहायला गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला. तीर्थन नदीवर ट्राउट मासा धरायला शिकवणारा एक वाटाड्या भेटला. मत्स्य खात्याचा परवाना काढून सकाळीच आम्ही काठावर गेलो.

ट्राउट मूळचा आपल्या देशातला नव्हे. १९०० च्या सुमारास इंग्रजांनी तो काश्मीरात आणला आणि पुढे कुलूच्या नद्यांत सोडला. आता तो तेथे आपोआप वाढतो. थंड, वाहते आणि स्वच्छ पाणी असेल तरच तो जगतो, तेव्हा आपल्या नीरेत त्याची आशा धरू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याच्या विणीचा काळ. त्या काळात तेथे मासेमारी बंद असते.

वाटाड्याने आधी काठी हातात दिलीच नाही. घोट्याएवढ्या पाण्यात उतरून त्याने एक दगड उचलला आणि उलटा केला. खाली बारीक किड्यांची वळवळ! पाण्यात वाढून पुढे पंख फुटून उडणाऱ्या माश्यांची ही पिल्ले. हेच ट्राउटचे खाणे. मग त्याने डबीतून त्याच आकाराची, त्याच रंगाची पिसाची माशी निवडली.

"साहेब, पिसाला कुठं मासा लागतोय व्हय?" आमच्यातले आबा म्हणाले.

आपल्या गळाला शिसे बांधतात. येथे वजन दोरीलाच असते. चाबूक मागे घेऊन पुढे सोडावा तशी ती सोडायची. मासा प्रवाहाकडे तोंड करून दगडाआड थांबतो, म्हणून आपण त्याच्या खालच्या अंगाला उभे राहायचे. सावली पाण्यावर पडता कामा नये. माशी प्रवाहाबरोबर सुटी वाहत आली पाहिजे, जरा ओढली गेली की मासा ओळखतो. दुपारपर्यंत माझी माशी दोनदा झाडात आणि एकदा माझ्याच टोपीत अडकली.

तीन वाजता काठी वाकली. वीतभराहून मोठा, सोनेरी अंगावर काळे-तांबडे ठिपके असलेला मासा! वाटाड्याने आधी हात ओले केले, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग जडतो. गळ काढला आणि मासा सोडून दिला. आमची मंडळी नाराज झाली. आबा माळकरी, त्यांना मात्र ते फार आवडले. वाटाड्या म्हणाला, "हाच मासा उद्या दुसऱ्या पाहुण्याला लागेल. माझी मजुरी त्याच्यावर आहे."

रात्री आबांनी विचारले, "आपल्या ओढ्यात दगडाखाली काय असंल हो?"

मला उत्तर देता आले नाही. डाळिंबावर, द्राक्षावर कोणते औषध किती मिसळायचे, हे मी तीस वर्षे सांगत आलो. पंप कोठे धुवायचा, हे क्वचितच सांगितले. सायपरमेथ्रीनसारखी औषधे अगदी थोडी पाण्यात गेली तरी आधी हे किडे मरतात आणि मासेही वाचत नाहीत.

परत आल्यावर आबांच्या मळ्यामागच्या ओढ्यात आम्ही दहा दगड उलटले. गोगलगायी निघाल्या आणि चिखलात तांबड्या अळ्या. अशा अळ्या कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरतात. बाकी काही नाही. आणि याच भीमेच्या खोऱ्यातल्या मुळा-मुठेतला खुद्री, म्हणजे आपला महसीर, कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये शास्त्रीय ग्रंथात नोंदवला होता! लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्ले तयार केली गेली. पण ती सोडायला पाणी तसे हवे.

आबा आता पंप ओढ्यावर नेत नाहीत. औषध संपले की टाकीत थोडे पाणी घालून हलवतात आणि ते त्याच पिकावर फवारतात, असे तीनदा. रिकाम्या बाटल्याही तशाच तीनदा विसळून ते पाणी टाकीत ओततात. ओढ्याकडेचे दोन वाफे गवताला सोडले आहेत. घरात यावरून थोडी कुरबुर झाली, पण गवत म्हशीला मिळू लागल्यावर ती थांबली.

पावसाळा सरला की पुन्हा तेच दहा दगड उलटायचे ठरले आहे. तुमच्या ओढ्यात काय निघते, ते मला जरूर कळवा.